स्लॅब पडला

निरोप तीन वाक्यांचा होता आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

कारखान्याच्या गट ऑफिसातला माणूस बांधावर सायकल आडवी टाकून उसाच्या फडात आला, तेव्हा गहिनीनाथ मोळी बांधत होता.

"बीडचं गहिनीनाथ कोण हो?"

"मीच."

"तुमच्या गावाकडनं फोन आल्ता. स्लॅब पडला म्हणं. काळजी करू नका. आई बरी हाय."

गहिनीनाथ वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याचा, पिळा हातात धरून तसाच उभा राहिला. "आन्?"

"आन् काय? लाइन कटली."

"कुणी केलता फोन?"

"आता आवाजावरनं मला काय कळतंय? पण मागं दंगा लई चालला हुता. बायका वराडत हुत्या."

पिळा सुटला आणि बांधत आणलेली मोळी पायांवर पसरली.

दसऱ्याला गाव सोडलं तेव्हा नव्या घराचे नुसते खांब उभे होते. स्लॅब पाडव्याला, ऊसतोड संपवून थोरला मुलगा घरी आल्यावर, असं ठरलेलं होतं. म्हणजे धाकट्या भावानं, पंडितनं घाई केली, गहिनीनाथच्या मनात आलं. घाई केली, आणि ती अंगाशी आली. दुसरं काही त्याच्या मनात येण्यासारखं नव्हतं. जुन्या घरातल्या एका खोलीचं मातीचं छत, माळवद, कोसळून त्याचा बाप गेला, तेव्हापासून त्या घरात 'पडलं' या शब्दाचा एकच अर्थ होता.

त्याची बायको छबुबाई कोयता हातात घेऊनच सरीतून आली. "चंदाचं काय म्हणला?"

"काय न्हाई."

"इचारलं न्हाई तुमी?"

"लाइन कटली म्हणतोय."

"आई बरी हाय म्हणला ना? मग आई बरी हाय, एवढंच कावून म्हणला? बाकीचे?"

सायकलवाल्यानं रुमालानं मान पुसली आणि आपल्याला अजून दोन फडांत जायचंय असं सांगितलं.

मुकादम बंकट तसा सहजासहजी कुणाला सोडणारा नव्हता, पण त्यानं यावेळी काही विचारलं नाही. "जा. कारखान्याचा ट्रक पंढरपूरपर्यंत जाईल, तिथनं बार्शीची गाडी धर," तो म्हणाला. मग छबुबाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यानं पुढचं सांगितलं, "बुधवारपर्यंत आलास तर बरं. न्हाई जमलं तर... बघू."

त्या 'बघू'मधली माया ऐकून गहिनीनाथ अधिकच धसकला.

*

बार्शीहून निघालेल्या गाडीत छबुबाई खिडकीशी बसली होती. उजाडलं होतं. रानं दोन्ही बाजूंना सारख्याच रंगाची होती, पीक घेतलेलं कुठलं आणि न घेतलेलं कुठलं हे ओळखू येऊ नये अशी. येरमाळ्याच्या पुढं एका विहिरीवर रिकाम्या घागरींची रांग होती आणि त्या घागरींच्या बायका लांब सावलीत बसल्या होत्या.

ती नवऱ्याकडे बघत नव्हती, कारण बघितलं असतं तर त्याच्या तोंडावर तिला चंदा दिसली असती. चौथीतली पोर. शाळा बुडू नये म्हणून आजीजवळ ठेवलेली. फडातल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, साप निघतो, तोडलेल्या उसाची मुळी पायात घुसते, म्हणून भिंतींच्या घरात ठेवलेली.

"पंडित सिमेंटात हात आखडता घेणारा न्हाई," गहिनीनाथ एकदम म्हणाला.

"मी काय म्हणलं का?"

"मजूर सोसायटीच्या कामावर दहा वर्षं हाय. पूल बांधलेत त्यानं."

"पूल बांधलेत, म्हणून काय झालं?" छबुबाई म्हणाली. "पुलाखाली कुणी झोपत न्हाई."

तिला मग वाटलं, इतकं तोडून बोलायला नको होतं. त्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या तिच्या होणार होत्या. उगवतीकडे खिडकी ठेवायची, चूल खिडकीखाली घ्यायची, हे तिनं कोपीत बसून इतक्यांदा ठरवलं होतं, की त्या खोल्या बांधून झाल्यासारख्याच वाटत. आता त्या खोल्यांचा विचार आला याचीच तिला लाज वाटली.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर ते उतरले. नेकनूरकडे जाणारी गाडी अजून यायची होती. फाट्यावर गावच्या राधाकिशनचं पंक्चरचं दुकान होतं. त्यानं ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवता बुडवता यांना पाहिलं.

"अरे गहिनीनाथ! आलास का? पण उशीर केलास गड्या. काल यायला पायजे हुतास."

छबुबाईनं शेजारचा खांब धरला.

"लई गर्दी हुती," राधाकिशन म्हणाला. "सगळं गाव लोटलं हुतं. सोसायटीचे चेरमन विठ्ठलराव सोता आल्ते. शेवटची पंगत उठायला दिवस कलला."

"पंगत?"

"बुंदी केलती तुज्या मायनं. असल्या दुष्काळात बुंदी! म्हातारी जिगराची हाय, मानलं पायजे."

गहिनीनाथनं त्याची कॉलर धरली. "कोण गेलं बे? नीट सांग. कोण गेलं?"

"कुठं गेलं?"

"स्लॅब पडला न्हाई का?"

"पडला की! सकाळी सातला चालू केला, दुपारी तीनला पडून मोकळा. एक थेंब कुठं गळला न्हाई खाली. कॉलर सोड आधी, गुंडी तुटंल."

बीडकडच्या बांधकामांवर स्लॅब टाकला असं फारसं कुणी म्हणत नाही. नाव पडतं, शिक्का पडतो, पाऊस पडतो, तसा स्लॅब पडतो. हे गहिनीनाथलाही ठाऊक होतं. इतकी वर्षं तो ते ऐकत आला होता. फक्त त्याच्या स्वतःच्या घराला आजवर स्लॅब नव्हता.

त्यानं कॉलर सोडली आणि हसायला सुरुवात केली. आधी आवाज न करता, मग मांडीवर हात मारत. काय झालं ते कळल्यावर राधाकिशन तर ट्यूब सोडून उकिडवा बसला आणि डोळे पुसू लागला. "पडला! म्हंजे तू... रातभर... आरं देवा! हे आता गावात सांगू का नको?"

छबुबाई हसली नाही. ती खांबाला टेकून जमिनीवर बसली होती. पदरानं तोंड पुसून तिनं पाण्याचा तांब्या मागितला, पाणी पिऊन झालं, आणि मग तिनं नवऱ्याला विचारलं,

"आपुन यायच्या आत कावून पाडला पण?"

*

त्या वर्षी गावात पाण्यानं भरलेले वाफे एकाच ठिकाणी होते. पंडितच्या छतावर.

सकाळपासून तो तिथंच होता. काळ्या मातीचे वीतभर उंचीचे बांध घालून त्यानं अख्ख्या स्लॅबचे चौकोन पाडले होते आणि आता एकेक चौकोन भरत होता. सिमेंट वाळून घट्ट होतं असं लोकांना वाटतं, पण ते पाणी स्वतःत ओढून घेऊन घट्ट होतं. वाळलं तर चिरतं. म्हणून पहिले आठवडे ते पाण्याखाली ठेवावं लागतं, उन्हाळा असो की दुष्काळ. सोसायटीच्या टँकरनं काल दोन पिंपं भरून दिली होती. पुढचं घरानं बघायचं होतं. त्याच्या बायकोनं, विमलनं, अंघोळीच्या दगडाखाली घमेलं लावलं होतं आणि पंडितनं साबण बंद केला होता, कारण साबणाचं पाणी स्लॅबला चालत नाही.

"माणसानं कोरड्या अंगानं बसायचं आन् छतानं प्यायचं," विमल सकाळी म्हणाली होती. "माझ्या माहेरी कळलं तर म्हणतील, पोरगी द्यायची तर छताला द्यायची हुती."

खालून शेजारच्या सटवानं हाक मारली. "पंडित, काय पेरलं रं?"

"सिमेंट!"

"उगवलं तर सांग. आमी बी पेरू."

तीन चिमण्या आणि एक कावळा आधीच हजर होते. पंडितनं त्यांना हाकललं नाही. त्याच्या बोटांना कालच्या सिमेंटच्या मालानं भोकं पाडली होती. काल मिक्सरचा पट्टा मध्येच तुटला. अर्ध्यात थांबलेल्या स्लॅबला जोड राहतो आणि पुढं तो तिथंच गळतो, म्हणून सगळ्यांनी फावड्यांनी माल कालवला. घमेली हातोहात वर जात होती, बायका "माल! माल!" म्हणून ओरडत होत्या, चेरमननी एक घमेलं फोटोपुरतं उचललं आणि सदऱ्यावर सांडलं. शेवटचं घमेलं रिकामं झालं तेव्हा बायका अजून आनंदानं ओरडतच होत्या, आणि पंडित समोरच्या सोसायटीच्या फोनकडे धावला होता. थोरल्याला पहिल्यांदा कळावं म्हणून.

खाली चंदा किंचाळली. "आई!"

तो काठाशी आला. वहिनीनं पोरीला कमरेशी घट्ट धरलं होतं आणि तिच्या डोक्यावरून, पाठीवरून, हातांवरून हात फिरवत होती, जणू काही हाडं मोजत होती. दादा शिडीला हात लावून वर बघत होता. त्याच्या अंगावर अजून उसाची काजळी होती.

"दादा? तू कसा काय?"

"तू बोलावलंस म्हणून."

"मी कुठं? मी तर..."

"स्लॅब पडला म्हणलास. काळजी करू नका म्हणलास. आई बरी हाय म्हणलास."

पंडितनं ती तीन वाक्यं एकामागून एक मनात म्हणून पाहिली. मग त्यानं कपाळावर हात मारला. मातीचा हात कपाळावर उमटला आणि शिडीवर अर्ध्यात आलेला गहिनीनाथ पुन्हा हसू लागला. वर येऊन त्यानं धाकट्याला मिठी मारली. एकाच्या तळव्याला उसाच्या पात्यांचे काप होते, दुसऱ्याच्या बोटांना सिमेंटनं पाडलेली भोकं. दोघांनाही ते झोंबलं.

"सोमवारपासून मिक्सर तळ्याच्या कामावर जाणार हुता," पंडित घाईनं सांगू लागला. "टँकर बी. पाडव्यापतूर पाणी राहील का न्हाई, चेरमनलाच भरोसा न्हाई. रविवार मोकळा हाय म्हणले, घे आटपून. मग घेतला."

"चांगलं केलंस." गहिनीनाथ बांधांवरून पाय टाकत फिरू लागला. स्लॅब सपाट होता, पाण्यात आभाळ दिसत होतं. "येक नंबर झालाय. लई भारी." तो उगवतीच्या कोपऱ्यापर्यंत गेला, तिथून दुसऱ्या कोपऱ्याकडे. चालता चालता त्याची चाल मंदावली. पंडित पिंपाकडे वळला आणि बादली भरू लागला.

"पंडित."

"हां."

"सळ्या कुठं हायत?"

वर मजला बांधायचा असेल तर खांबांच्या सळया स्लॅबच्या वर हातभर उघड्या ठेवतात. गावातल्या प्रत्येक नव्या घरावर त्या होत्या. कित्येकांचा वरचा मजला कधीच होणार नव्हता, तरी होत्या. या घरावर एकही नव्हती.

"आत," पंडित म्हणाला.

"आत म्हंजे?"

"वाकवून स्लॅबात घेतल्या."

"कावून?"

पंडितनं बादली वाफ्यात ओतली. पाणी मातकट झालं. "माय म्हणली."

*

दोघांची आई, मंजुळाबाई, नव्या घराच्या दारात, उंबऱ्याच्या अलीकडे बसल्या होत्या. आत नुसते टेकू होते, फळ्या आणि लाकडी बल्ल्यांचं रान, स्लॅब पेलून धरणारं. सेंट्रिंग निघेपर्यंत आत जायचं नाही असं पंडितनं सगळ्यांना बजावलं होतं. त्याची गरज नव्हती. त्या जाणारच नव्हत्या.

थोरला शिडीवरून उतरून आला तो सरळ त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मागं धाकटा. सुना दोन बाजूंना.

"माय, रातभर मी काय बघत आलो, सांगू?" गहिनीनाथचा आवाज चढलेला नव्हता. "तुमी समदे मेलात असं बघत आलो. हितं येऊन बघतो, तर मीच मेलेलो. वर माज्या नावाचं कायच न्हाई."

"असं बोलू नगंस."

"मग काय बोलू? खालच्या खोल्या पंडितच्या, वरच्या माज्या, हे कोण बोललं हुतं? तूच ना? खांबाचे खड्डे मी खांदले. मुरूम लागेपतूर खांदले. ते काय विमलला कुरडया वाळू घालायला जागा पायजे म्हणून?"

"माझं नाव कावून घेता, दादा?" विमल म्हणाली. "मी काय बोलले का?"

"बोलली न्हाईस. पण नगं बी म्हणली न्हाईस," छबुबाई म्हणाली.

"आक्का, तुमी सहा महिने तिकडं. चंदाचं डोकं मी विंचरते. मी नगं म्हणायचं, मी हो म्हणायचं, समदं मीच करायचं का?"

यावर छबुबाईकडे उत्तर होतं, पण चंदा दोघींच्या मध्ये उभी होती आणि तिची वेणी खरंच नीट घातलेली होती.

"मी सांगितलं सळ्या आत घ्यायला," मंजुळाबाई म्हणाल्या. "कुणाचं काय न्हाई त्यात. वर वजन नगं मला."

"कसलं वजन?"

"वजन. भितीचं, माणसाचं. तुज्या बापानं दर साली माळवदावर पांढरी माती टाकली. पाणी गळतंय म्हणून टाकली. जुनी काढली न्हाई, वर नवी टाकली. येका साली थोडी, मग आनिक थोडी. घर त्याच्या बापापासून उभं हुतं, म्हणला, काय होतंय." त्यांनी हातानं थर दाखवले, एकावर एक. "त्याला झोपेत कळलं बी न्हाई किती झाली ती."

हे सगळ्यांना माहीत होतं. पण म्हातारी ते या कारणासाठी अजून बाळगून आहे, हे कुणाला माहीत नव्हतं. पंडितलासुद्धा नाही. काल पहाटे ती म्हणाली, सळ्या आत घे, आणि त्यानं घेतल्या. का, ते विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि छत सपाट राहिलेलं त्यालाही बरंच होतं.

तो आता उकिडवा बसला. "माय, माळवदाचं येगळं. हे आर.सी.सी. हाय. वरच्या भितीचं वजन स्लॅबवर येतच न्हाई. खांबावर येतं, खांबातनं खाली मुरमात जातं."

"तुज्या बापाचं बी खांबावरच हुतं."

लाकडाचा खांब आणि लोखंड-सिमेंटचा खांब यांतला फरक पंडित चेरमनला समजावू शकत होता, इंजिनिअरशी त्यावर वाद घालू शकत होता; आईसमोर त्यातलं काही चालत नव्हतं.

"माल अजून कच्चा हाय," तो भावाकडे न बघता म्हणाला. "कालचाच. आज फोडलं तर छिन्नीनं खांबाची डोकी मोकळी होतात. सळ्या सरळ करता येतील. पाडव्याला फोडायचं म्हणशील तर घण लागंल, आन् घणानं स्लॅब हादरंल. काय करायचं ते आजच."

"मायला इचार," गहिनीनाथ म्हणाला.

"न्हाई म्हणलं ना," मंजुळाबाई म्हणाल्या.

वरून काठाशी पाणी झिरपत होतं, त्याचा एक थेंब पंडितच्या खांद्यावर पडला.

छबुबाईनं चंदाला बाजूला केलं आणि सासूजवळ बसली. रात्रीपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. तिला खिडकी हवी होती. कालपर्यंत ती मागायची तिला गरज नव्हती. आज सकाळी मागायची लाज वाटली होती. आता पोर डोळ्यांसमोर होती आणि लाज गेली होती.

"आत्याबाई, तुमाला वरनं अंगावर पडायची भीती वाटती ना?"

"मग काय खालनं पडतं का?"

"तेच म्हणते मी. तुमी वर झोपा."

"काय?"

"आमच्यात, वर. वर झोपलेल्याच्या अंगावर काय पडणार? वरच्याला पत्रे टाकू, पत्रा हलका असतो. खाली तुमाला झोपच लागायची न्हाई, सेंट्रिंग निघालं तरी. मला म्हाईत हाय. कोपीत मलाबी लागत न्हाई, वारं सुटलं की."

मंजुळाबाईंनी सुनेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या सुनेनं त्यांच्याशी इतकं सलग बोलण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"आन् आमी?" विमल म्हणाली. "आमी खाली झोपणार. म्हंजे आमच्यावर पडलं तर चालतंय का?"

चंदा फसकन हसली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"हसू नगंस गं. खरंच इचारते मी."

"स्लॅब मी टाकलाय," पंडित म्हणाला. तो बायकोला सांगत होता, पण बघत होता आईकडे. "सेंट्रिंग काढलं त्या दिवसापासून मी खाली झोपणार. तू लेकरांना घेऊन येक महिना जुन्यातच झोप. आधी मी. मग तुमी."

मंजुळाबाईंनी मान वर करून स्लॅबच्या काठाकडे पाहिलं. थेंब पुन्हा जमला होता.

"किती साल टिकंल हे?"

"पाणी पोटभर मिळालं, तर आपल्या समद्यांपेक्षा जास्त."

"मग पोटभर द्या," त्या म्हणाल्या. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठल्या. "फोडा. पर वर माती टाकायची न्हाई. गळलं तरी न्हाई. कदीच."

शिडीकडे जाताना गहिनीनाथ बायकोजवळ थांबला. "आता माय आपल्यात राहणार. कळतंय का तुला?"

"कळतंय," छबुबाई म्हणाली. "मीच बोलावलंय. चला, छिन्नी धरा."

*

उगवतीच्या खांबापासून सुरुवात केली. पंडितनं त्या भागातलं पाणी काढून शेजारच्या वाफ्यात सोडलं, एक तांब्याही वाया घालवला नाही. गहिनीनाथनं छिन्नी धरली, पंडितनं हातोडा घेतला.

"हात हलवू नगंस."

"तू नीट मार. राग काढू नगंस."

"राग तुला आलाय. मला कशाला येईल?"

"म्हणूनच छिन्नी मी धरलीय."

पहिले घाव पंडितनं इतके हलके मारले की सटवानं खालून विचारलं, सोनार बसवलाय का वर. मग माल खपलीसारखा निघू लागला. ओलसर, करडा, कडेला ठिसूळ. सळई दिसली. ती खांबातून वर येऊन आडवी झालेली होती, पण कोपऱ्यातून मोडल्यासारखी नाही. मोठ्या वळणानं, बैलगाडीच्या चाकाच्या धावेसारखी फिरून ती स्लॅबात शिरली होती.

गहिनीनाथनं ती बोटानं चाचपली. त्यानं दोन उन्हाळे धाकट्याच्या हाताखाली सळया वाकवल्या होत्या. ठोकून काटकोनात वाकवलेली सळई पुन्हा सरळ करायला गेलं की वाकवलेल्या जागी तडकते. ऐसपैस वळण दिलेली बरीचशी परत येते. तशी वाकवायला जागा जास्त लागते, मेहनत जास्त लागते, आणि सळई आतच राहणार असेल तर तिचा काही उपयोग नसतो.

"एवढी ऐसपैस कावून वाकवलीस?"

पंडित हातोड्याचा दांडा बघत होता. "जागा हुती."

गहिनीनाथनं पाईपचा तुकडा सळईवर चढवला, दोघांनी मिळून जोर दिला आणि सळई कुरकुरत उभी राहिली.

दिवस कलेपर्यंत सगळे खांब मोकळे झाले. दक्षिणेकडच्या एका खांबाची एक सळई मात्र ताठ होताना मोडली. ती पंडितनं वाकवलेली नव्हती, कालच्या गडबडीत कुणा गड्यानं ठोकून वाकवली होती. पंडितनं मोडकं टोक हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, तिथं शेजारून दुसरी बांधून घेऊ, होतं तसं. विमलनं फोडलेला चुरा घमेल्यात भरून खाली नेला आणि न्हाणीच्या दगडाखालच्या खड्ड्यात टाकला. तो खड्डा बुजवा म्हणून ती दिवाळीपासून मागं लागली होती.

चंदानं प्रत्येक सळईला हात लावून पाहिला. "आई, खिडकी कुठं?"

छबुबाईनं उगवतीकडच्या दोन खांबांमधली रिकामी हवा दाखवली. "ती बघ."

मंजुळाबाई वर आल्या नाहीत. खालूनच त्यांनी हाक मारून विचारलं, वाफे परत भरले का.

*

मंगळवारी पहिल्या गाडीनं परत जायचं होतं. बुधवारी फडात कोयता दिसला नाही तर बंकट पुन्हा 'बघू' म्हणाला असता, पण वेगळ्या आवाजात. पंडित रस्त्यापर्यंत सोबत आला. भाकऱ्यांचं गाठोडं त्याच्या हातात होतं.

"पुढच्या बारीला फोन करशील तर 'टाकला' म्हणत जा," गहिनीनाथ म्हणाला.

"टाकला म्हणलं तर ते म्हणतील, कुणी टाकला, कुठं टाकला. मग उचलायला येशील."

"मग करूच नगंस."

"तसं कसं? वरचा पडल्यावर सांगाया नको का?"

"वरचा पत्र्याचा हाय," छबुबाई म्हणाली. "तो पडत न्हाई. तो बसवतात."

गाडीची धूळ दिसू लागली. गहिनीनाथनं वळून घराकडे पाहिलं. उंचवट्यावर, बाकीच्या माळवदांच्या वर, सळया उभ्या होत्या. दोन-तीन जरा तिरक्या, एक आखूड. उगवतीच्या दोन खांबांमध्ये दोरी ताणलेली होती आणि तिच्यावर विमलची लुगडी वाळत होती.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "आपल्या खिडकीत."

छबुबाईनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. दोरी चांगली घट्ट बांधलेली दिसत होती.

"वाळू द्या," ती म्हणाली आणि गाठोडं दिराच्या हातातून घेतलं. "पाडव्याला सोडवू."